कुपाटी जिवंत करा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कुंपणावर बोलायचे ठरले तेव्हा आपल्यातल्याच एका जुन्या कार्यकर्त्याने मला टोकले. म्हणाला, "कापसाच्या भावाचं सोडून तुम्ही हे काट्याकुट्याचं काय काढलं?" त्याचा राग मला समजतो. भावाची लढाई सोडायची नाही, ती चालूच राहणार. पण भाव मिळायला आधी माल घरी यावा लागतो. पेरलेल्यातले घरी किती येते आणि शेतातच कोणाच्या पोटात जाते, हाही हिशेबच आहे. खताच्या पोत्याची, औषधाच्या बाटलीची पावती आपण जपून ठेवतो. एका रात्रीत दहा ढोरे तुरीत शिरून जातात, त्याची पावती कोणी देत नाही. म्हणून तो खर्च कोणाच्या वहीत चढत नाही.

मी शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली. खत शिकलो, बियाणे शिकलो, कीड-रोग शिकलो. कुंपण हा विषय परीक्षेला कधी आला नाही. तारेची जाळी विकणाऱ्याचा माणूस गावोगाव फिरतो, काट्याच्या झुडपाचा प्रचार करायला कोणी फिरत नाही, कारण त्यात कोणाला कमिशन नाही. जे मला ठाऊक आहे ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आणि धुऱ्याधुऱ्याने हिंडून गोळा केलेले आहे. कॉलेजातले शिक्षण ते समजून घ्यायला उपयोगी पडले, एवढे खरे.

ढोरे मोकळी का सुटली

आधी दुखणे नीट पाहू. पूर्वी गावाला गायकी असे, कोणी त्याला ढोरकी म्हणतात. सकाळी गावाचे गोहन घेऊन जायचा, दिवेलागणीला परत आणायचा. त्याला वर्षाचे धान्य ठरलेले असे. आज गायकीचा मुलगा गायकी व्हायला तयार नाही, आणि का व्हावे? गायरान उरले नाही, जिथे उरले तिथे चारा उरला नाही. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. ज्याच्याकडे दोन-चार ढोरे राहिली तो सकाळी दावे सोडतो आणि ती आपापली चरून येतात. कुठे चरतात? तुमच्या-माझ्या शेतात.

त्यात भर पडली कायद्याची. म्हातारा बैल विकायचा, थोडी भर घालायची आणि गोऱ्हा घ्यायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत होती म्हणून तो शेवटपर्यंत दावणीला बांधलेला असे. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा. त्यात बैल आणि वळू घालणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली केली आणि ती वीस वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये अमलात आली. त्या दिवसापासून आपल्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाची किंमत शून्याच्या घरात गेली. त्याला वैरण मात्र रोज लागते. ज्याच्या घरात माणसांचीच ओढाताण आहे तो रात्री बैल दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन सोडतो. त्या गावचा माणूस तेच करतो. असे हे ढोरांचे फेरे चालू आहेत. गाईवरच्या कोणाच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर वैरण घालावी. आमच्या ज्वारीने ती श्रद्धा का पोसायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, कोंडवाडा आहे. आहे ना! गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ सालचा आहे. शेतात शिरलेले ढोर धरायचे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचे. मालक दंड भरतो आणि सोडवून नेतो. दंड कोंडवाड्याच्या हिशेबात जमा, बोंडे गेली ती तुमची. आणि ज्या ढोराला मालकच नाही ते सोडवायला येणार कोण? आपापल्या गावातला कोंडवाडा आज संध्याकाळी जाऊन बघा. भिंत उभी असेल तर मला निरोप द्या.

ज्वारीचे तर आणखी अवघड. पावसाने ओढ दिली की गुडघ्याएवढ्या कोवळ्या ज्वारीत विष उतरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा ज्वारीत शिरलेले ढोर तडफडून मरते. वर्षभर ज्याला मालक नव्हता त्याला त्या दिवशी मालक सापडतो, आणि भरपाई मागायला तो तुमच्या दारात उभा राहतो.

तार आणि करंट

आता तारेचा हिशेब मांडू. भाव मी सांगत नाही, आज बाजारात जो असेल तो तुम्ही लावा. पाच एकराचे चौकोनी शेत धरा. त्याची एक बाजू सुमारे ४६७ फूट, चारी बाजू मिळून १,८६७ फूट. दहा फुटांवर एक खांब म्हटले तरी १८७ खांब. पाच पदरी काटेरी तार लावायची तर साडेनऊ हजार फुटांच्या आसपास तार. वर खड्डे, सिमेंट, ताण द्यायची मजुरी. याला आजच्या कापसाच्या भावाने भागा आणि किती क्विंटल होतात ते बघा. आपली शेते तर चौकोनीही नाहीत, लांबट पट्ट्या आहेत. पट्टीला घेर जास्त लागतो. एवढे करून पाच पदरी तारेतून शेळी आरामात जाते. करडू तर धावत जाते. जाळी लावली तर शेळी थांबेल, पण खर्च पुन्हा वाढला, आणि जाळी चोरीला जाते हे तुम्ही माझ्याआधी जाणता.

दुसरा मार्ग काही ठिकाणी लोक धरतात त्यावर मी स्पष्ट बोलणार आहे. मेन लाइनचा करंट तारेत सोडायचा. भावांनो, त्याने ढोर मरते आणि माणूसही मरतो. पहाटे परसाकडे गेलेला शेजारी मरतो, जागलीला आलेला स्वतःचा मुलगा मरतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वीजचोरीचा गुन्हा, कोर्टाच्या तारखा, आणि शेत वकिलाच्या नावावर. बॅटरीवर चालणारे झटका यंत्र वेगळे असते. त्यात क्षणभराचा झटका बसतो, माणूस मरेल असा सलग प्रवाह नसतो. सौर कुंपण त्याच जातीचे. ज्याला परवडते, जंगलाकाठच्या गावात अनुदानात बसते, त्याने जरूर लावावे. पण तारेला गवत टेकले की झटका मरतो, बॅटरी उतरली की ढोरांना दोन दिवसांत कळते. तेही राखावेच लागते.

सरकारने एकदा कुंपण लावले होते

तिसरी रीत आपली नेहमीची. बाभळीच्या, बोराटीच्या फांद्या तोडायच्या, ओढत आणायच्या आणि धुऱ्यावर कुपाटी घालायची. पहिल्या वर्षी ती राखते. दुसऱ्या पावसाळ्यात कुजते, वाळवी लागते, अर्धी चुलीत जाते. पुन्हा तोडा, पुन्हा ओढा. मेलेला काटा दरवर्षी नवा आणावा लागतो आणि त्यापायी शिवारातली बोराटी संपत आली आहे.

ही अडचण आपल्याआधी एका फार मोठ्या कुंपणवाल्याला आली होती. त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. इंग्रज सरकारचा मिठावर कर होता. स्वस्त मीठ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात चोरून जाऊ नये म्हणून त्यांनी हिंदुस्थानच्या मधोमध जकातीची हद्द आखली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत गेली होती, लांबी सुमारे २,३०० मैल. राखायला बारा हजारांच्या आसपास माणसे. आणि ही हद्द बऱ्याच भागात चक्क काटेरी कुंपणाची होती. कुंपणाची ती रांग आपल्या शेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत येत होती.

सुरुवातीला त्यांनीही सुकाच काटा घातला. तेव्हा जकातीचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, तेच जे पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापन करणाऱ्यांत होते. त्यांनी हिशेब केला की एक मैल सुक्या कुपाटीला अडीचशे टन काटा लागतो आणि तो मैल मैल लांबून वाहून आणावा लागतो. पगारी माणसे हाताशी असूनही सरकारला ते परवडेना. मग त्यांनी जिवंत कुंपण धरले. कोणती झाडे लावली असतील? विलायतेहून काही आणले नाही. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर. जशी जमीन तसे झाड. जमीन हलकी तिथे चर खणून चांगली माती भरली, बांध घातला, पावसाचे पाणी मुळाशी वळवले. चांगल्या भागात ते कुंपण दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट जाड झाले. त्यातून माणूस जात नव्हता, ढोराची तर गोष्टच सोडा. १८७९ साली ती हद्दच रद्द झाली, हे उत्तम झाले. पण तंत्र बघा. गरिबाचे मीठ अडवायला ज्यांनी ते वापरले त्यांना ते आपल्याच धुऱ्यावरच्या झाडांनी साधून दिले. आपली तूर राखायला ते आपण वापरायला काय हरकत आहे?

शेळी हीच परीक्षक

जिवंत कुंपण चांगले की वाईट हे ओळखायला एकच कसोटी आहे: शेळी. बैल अडवणे सोपे, त्याला छातीएवढे झाड पुरते. शेळीचे डोके जिथून जाते तिथून शेळी जाते. म्हणून कुंपण बघायचे ते वरून नाही, बसून बघायचे. जमिनीपासून पहिले दोन फूट दाट असतील तर ते कुंपण. खाली पोकळ आणि वर छत्री झाली तर ती झाडांची रांग, सावलीला बरी. डुक्करही खालूनच मुसंडी मारते, त्यामुळे तळ बंद असला तर त्याचाही त्रास पुष्कळ कमी होतो. रोही मात्र सहा फुटांवरून उडी मारतो. त्याला अडवीन असे मी कबूल करणार नाही. कुंपण उंच आणि रुंद झाले तर तो दुसरे सोपे शेत शोधतो, एवढेच. आणि वानराला कुंपण म्हणजे झोपाळा.

आता झाडे. आपल्या कोरडवाहू मुलखात माझी पहिली पसंती सागरगोट्याला. पोरी ज्याने गजगे खेळतात तोच. फांदीला काटा, पानाच्या शिरेला मागे वळलेला काटा, शेंगेलासुद्धा काटा. आत शिरलेल्या जनावराला तो पुढेही जाऊ देत नाही आणि मागेही येऊ देत नाही. पाणी लागत नाही, भारी काळीतही येतो, मध्यम जमिनीतही येतो. बी मात्र दगडासारखे. तसेच टाकले तर दोन दोन वर्षे उगवत नाही आणि मग लोक म्हणतात, हे बी खोटे. ते दगडावर एका बाजूने घासायचे, आतला पांढरा गर दिसेपर्यंत. मग चोवीस तास पाण्यात ठेवायचे. फुगलेले बी पेरायचे, न फुगलेले पुन्हा घासायचे. चिलार त्याचाच भाऊ, पिवळ्या तुऱ्याचा. त्याच्या बियांवर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवले की काम होते. दोन्हींचा स्वभाव वेलासारखा, म्हणजे ते आधार शोधतात आणि सोडले तर शेतात दहा फूट आत येतात. लावणाऱ्याच्या अंगी कोयता हातात धरायची तयारी असावी. आळशी माणसाने सागरगोटा लावू नये, तो शेतच खाऊन टाकेल.

आधाराला गिरिपुष्प. उंदीरमारी म्हणून तुम्ही ओळखता. दर आठ-दहा फुटांवर मनगटाएवढी फांदी रोवली की तोच जिवंत खांब. तीनेक वर्षांनी त्याचा पाला छाटून ज्वारीच्या, पऱ्हाटीच्या तासांत टाका. वाळलेल्या पाल्यात अडीच ते तीन टक्के नत्र असते. पण एकट्या गिरिपुष्पाचे कुंपण करू नका. त्याला काटा नाही, आणि एकदा चटक लागली की शेळी तो खाते.

बरड, मुरमाड जमिनीवर करवंद आणि हिंगणबेट. दोन्ही सावकाश वाढतात, पण एकदा बसली की नातवापर्यंत जातात. करवंदाचे बी शिळे झाले की उगवत नाही. पिकलेले फळ मिळाले की गर धुवायचा, सावलीत सुकवायचे आणि त्याच पंधरवड्यात पिशवीत पेरायचे. रोप एक वर्षाचे करून मग धुऱ्यावर. पाणी साचणाऱ्या जागी ते मरते, म्हणून काळीत लावायचेच असेल तर उंच वरंब्यावर लावा. करवंदाला लोणच्यापुरती गिऱ्हाइके असतात. त्यावर श्रीमंत व्हाल असे मी सांगणार नाही. घरच्या बाईच्या हातात चार पैसे येतील आणि ते तिच्याच हातात राहू द्या.

चिचबिलाई, म्हणजे विलायती चिंच, हिचे बी चार दिवसांत उगवते, छाटणी कितीही सोसते. मात्र कोवळी असताना शेळीला ती पेढ्यासारखी. शेर आणि काटेरी निवडुंग यांना कोणतेच ढोर तोंड लावत नाही. गुजरातेत आणि खानदेशात थोराची कुंपणे तुम्ही पाहिली असतील. कांडी कापायची, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवायची, मग रोवायची. ओली कांडी लावली तर कुजते. आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळा जाऊ शकतो. कापताना पोरांना दूर ठेवा, चीक उडालाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. केकताड, म्हणजे घायपात, कडेला चांगला, दोराचा वाखही मिळतो. पण दोन गड्ड्यांच्या मधून शेळी जाते, म्हणून तो बाहेरच्या अंगाला, दुसऱ्या झाडाच्या जोडीने.

काय लावू नये तेही सांगतो. वेडी बाभूळ लावू नका. ढोरे शेंगा खातात, शेणातून बी सगळ्या शिवारभर पसरते, मग ती काढायला जेसीबी लागते. घाणेरी लावू नका, तीही पसरते, आणि तिचा पाला ढोराला विषारी. मोगली एरंडाला ढोरे खात नाहीत, फांदी लावली की जगते, कुंपणाला तो वाईट नाही. पण २००३ नंतर काही वर्षे याच झाडापासून डिझेल काढून शेतकरी लखपती होणार म्हणून सांगत होते, आठवते ना? सांगणारे लखपती झाले असतील. आणि त्याच्या बिया पोरांनी खाल्ल्या तर विषबाधा होते, म्हणून घराजवळ नको.

दोन वर्षांची राखण

काम सुरू करायचे मे महिन्यात. मजूर लावून चर खणण्याआधी धुऱ्याच्या आतल्या अंगाने नांगराची दोन तासे काढा आणि माती फावड्याने आत ओढा. बाहेर दीड फूट रुंद, फूटभर खोल चर आणि आत वरंबा, असे सहज होते. चरात पाणी थांबते, मुळाला ओल राहते, आणि ढोराला उडी मारायला पाय ठेवायची जागा राहत नाही. वरंब्यात कुजलेले शेणखत मिसळा. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दोन ओळींत पेरा. ओळींत दोन फुटांचे अंतर, झाडांत दीड फूट. पहिल्या ओळीच्या दोन झाडांमधल्या जागेसमोर दुसऱ्या ओळीचे झाड यावे. एका जागी दोन बिया, इंच-दीड इंच खोल. पंधरा दिवसांनी नांग्या भरा. नांगी आज भरली नाही तर तीच पुढे शेळीची वाट होते.

पहिली दोन वर्षे बाहेरून सुकी कुपाटी घालावीच लागेल. तेवढे दोनदा कष्ट, पुढे नाही. पावसाळ्यात दोन खुरपण्या द्या. दिवाळीनंतर जमल्यास महिन्यातून एकदा हंडाभर पाणी, निदान नांग्यांतल्या रोपांना. पीक काढून झाले की आपण शेताकडे पाठ फिरवतो आणि शिवार मोकळे चरते, तिथेच बहुतेक कुंपणे मरतात. जानेवारी ते जून हे सहा महिने राखले तो जिंकला.

कुंपणाला ढोरांपेक्षा मोठे दोन शत्रू आहेत आणि दोन्ही आपल्या हातात आहेत. एक काडीपेटी. उन्हाळ्यात धुरे पेटवायची जी सवय आहे तिने पाच वर्षांचे कुंपण एका दुपारी जाते. दुसरा तणनाशकाचा पंप. धुऱ्यावरचे गवत मारायला हवेच्या दिवशी फवारा मारला की कोवळे कुंपण गवताबरोबर मरते. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, कारण वारा सात-बारा बघत नाही.

छाटणी लोकांच्या जिवावर येते. हौसेने वाढवलेले झाड कापवत नाही. पण दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी ते दीड फुटावर कापलेच पाहिजे. तेव्हाच बुडातून फुटवे येतात. वर्षभराने तीन फुटांवर, मग पाच फुटांवर. मधल्या लांब फांद्या तोडू नका, आडव्या वाकवून शेजारच्या झाडात ओवा, टोपली विणतात तशा. खाली रुंद, वर निमुळते, असा आकार ठेवा म्हणजे बुडाला ऊन मिळते. सागरगोट्याला वर्षातून दोनदा, लांब दांड्याच्या कोयत्याने. छाटलेला काटा नांग्यांत घाला, उरलेला चुलीला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शेळी सोडून बघा, स्वतःचीच सोडा. ती जिथून गेली तिथे काम बाकी आहे.

कुंपण झाले की आतल्या जागेचा उपयोग बघा. उन्हाळ्यात आपली ढोरे, शेळ्या रात्री शेतातच बसवता येतात. दावे नको, राखण कमी, आणि शेण-मूत जिथे पाहिजे तिथेच पडते. आज पंधरा दिवस या कोपऱ्यात, पुढचे पंधरा दिवस त्या कोपऱ्यात. शेणखताच्या गाडीचे भाडे वाचते. काढणीनंतर उभी पऱ्हाटी आपल्याच ढोरांना चारता येते, आधी कोण शिरतो याची शर्यत लागत नाही.

कुंपण काय मागते

फुकट काही नाही. कुंपण जागा मागते. छाटून चार फुटांवर ठेवले तरी सावली आणि मुळ्या धरून सहा फुटांची पट्टी गेली समजा. पाच एकराला ती सुमारे दहा गुंठे होते, म्हणजे शंभरात पाच. कडेची दोन तासे बारीक राहतील. मुळ्या आत येऊ नयेत म्हणून दोन वर्षांआड आतून दोन फूट खोल चर मारा. साप राहतात का, असे कोणीतरी विचारणारच. राहतात. उंदीर असले की साप येतात, सुक्या कुपाटीतही येतात. बूड झाडून स्वच्छ ठेवा आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडे जाऊ नका.

पण हे दहा गुंठे निम्मे करता येतात. पाच-पाच एकराचे चार शेतकरी लगतचे आहेत असे धरा. चौघांनी वेगवेगळे कुंपण केले तर ७,४६८ फूट. चौघांनी मिळून वीस एकराला बाहेरून एकच कुंपण केले तर ३,७३३ फूट. बरोबर निम्मे. खड्डे निम्मे, बी निम्मे, राखण निम्मी, प्रत्येकाची जागा पाच गुंठे. दीड फुटाच्या दोन ओळींना सुमारे पाच हजार झाडे लागतात, म्हणजे दहा हजार बिया. एकट्याला हा आकडा डोळे फिरवणारा आहे, चार घरांतल्या पोरांना सुटीचा खेळ आहे. मी हे गणित बऱ्याच गावांत मांडले. गणित सगळ्यांना पटते, आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात, कारण धुऱ्यावरून दोन पिढ्यांचे भांडण चालू असते. म्हणून आधी मोजणी करून घ्या, खुणा कायम करा, मग काटा लावा. वादाच्या धुऱ्यावर लावलेले झाड कोर्टात मोठे होते.

पांदण मात्र बंद करायची नाही. शेतात जायची वहिवाट अडवली तर मागचा शेतकरी तहसीलदाराकडे जाईल आणि १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तुमचे कुंपण निघेल. निघालेच पाहिजे. बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी कवाडी ठेवा आणि तिची चावी चौघांकडेही असू द्या.

आता ज्या बोलण्याने काहींना राग येईल ते बोलतो. गावात जिच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्या बाईचे काय? आज ती आपल्या धुऱ्यावर चारते. आपण शिव्या देतो, ती ऐकून घेते, कारण शेळी विकून तिला औषधपाणी करायचे असते, पोराचे दप्तर घ्यायचे असते. सगळ्या शिवाराला काटा लागला तर तिची शेळी विकली जाईल. मी कुंपणाचा प्रचार करतो म्हणून हे मला टाळता येत नाही. माझे म्हणणे असे की कुंपण लावताना तिच्याशी ठराव करा. गिरिपुष्पाचा, चिचबिलाईचा, बोरीचा पाला छाटायचाच असतो, तो तिने कापून न्यावा आणि कापता कापता कुंपणाची आडवी बांधणी करावी. तुमची छाटणीची मजुरी वाचते, तिला घरपोच पाला मिळतो. गिरिपुष्पाचा पाला आधी सुकवून आणि दुसऱ्या चाऱ्यात थोडा मिसळून द्यायला सांगा, शेळीला वासाची सवय व्हायला वेळ लागतो. धनगराच्या वाड्याचेही तसेच. काढणीनंतर मेंढ्या बसवायला बोलावतो ना आपण? कवाडी उघडून बोलवा. ज्याला कुंपणातून काही मिळते तो ते मोडत नाही. ज्याला नुसते बाहेर काढले तो एका काडीने हिशेब पुरा करतो, आणि तुम्ही रात्रभर जागून त्याला पकडू शकणार नाही.

काहीजण विचारतील, याला सरकारी अनुदान आहे का? शोधत बसू नका. सागरगोट्याच्या बियांना टेंडर निघाले तर त्या पुढच्या दिवाळीला येतील.

आत्ता फेब्रुवारी चालू आहे. ओढ्याकाठी, जुन्या गढीच्या भिंतीवर सागरगोट्याच्या शेंगा वाळून तडकल्या आहेत. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान दोन पायल्या बी आणावे. पिशवीवर गावाचे नाव, झाड कोणते आणि ते कसल्या जमिनीत उभे आहे तेवढे लिहावे. चिलार, हिंगणबेट, चिचबिलाई जे मिळेल ते आणा. ज्यांच्याकडे शेराचे किंवा गिरिपुष्पाचे जुने झाड आहे त्यांनी हात वर करून नाव द्यावे, मेमध्ये कांड्या कोण कोणाकडून नेणार ते आपण आजच ठरवू. आणि लगतचे चार शेतकरी जिथे तयार असतील त्या गावाचे नाव मला बैठक संपल्यावर सांगा. नांगर धरायच्या दिवशी मी तिथे येईन.